उजव्या चाकाला भर

गाडी पुन्हा उजवीकडे गेली.

मुलं हसली. सभागृहाच्या मागच्या दारापासून निघून समोरच्या स्टेजपर्यंत सरळ जायचं, एवढंच तिचं काम होतं. वीतभर लांबीची, दोन चाकांची, पोटाशी बॅटरी बांधलेली ती गाडी अर्ध्या वाटेपर्यंत शहाण्यासारखी चालली आणि मग कुणी कान धरून वळवावं तशी उजव्या कोपऱ्याकडे निघाली. तिथं भिंतीला नाक लावून नुसतीच चाकं फिरवत राहिली.

"सर, आमची गाडी लाडावलीया," संग्राम म्हणाला. "सांगितलेलं ऐकत न्हाई."

"यंत्र लाडावत नसतं," ऋत्विज म्हणाला. "त्याच्यात दोष असला तर रागवायचं नाही. दोष मोजायचा आणि तेवढी भर घालायची. उजवीकडे ओढते ना? मग उजव्या चाकाला थोडा वेग जास्त द्या."

मुलांनी लॅपटॉपवर आकडा वाढवला, गाडी परत सोडली आणि या वेळी ती नाकासमोर चालत थेट स्टेजला जाऊन टेकली. टाळ्या पडल्या.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सावरखिंडच्या शाळेत रोबो बनवायचं शिबिर भरलं होतं, त्यातली ही गोष्ट. ऋत्विज पुण्याहून दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन आला होता. त्यात मोटारी, चाकं, वायरी आणि मूठभर स्क्रू. मुलांना व्याख्यान द्यायचं नाही, हातात पाना द्यायचा, ही त्याची पद्धत. मला ती आवडली, पण मी बोलून दाखवलं नाही. मी गणिताची बाई. सुट्टीत फराळ करायचा सोडून माझी नेमणूक इथं झाली, कारण हेडसर म्हणाले, "खराडे बाई, तुम्हाला घरी असं काय काम आहे?" नवरा नसलेल्या बाईला घरी काम नसतं असा आमच्याकडे समज आहे. मी मुकाट्यानं आले आणि मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसले.

गाड्या सगळ्याच गटांच्या ओढत होत्या. थोड्याफार फरकानं सगळ्यांना भर घालावी लागली आणि ऋत्विजला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वस्तातल्या मोटारी अशाच असतात, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कालची भर पुरेना. मग आकडा आणखी वाढवला. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी.

"बॅटरी उतरते रोज," ऋत्विज म्हणाला. मलाही ते पटलं.

मुलांना पटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांची कुजबुज माझ्या कानावर आली. सावरखिंडला विहिरीतल्या आसरांना फार मानतात. सात बहिणी पाण्यात राहतात, त्यांचा मान राखला नाही तर माणूस ओढून नेतात, असं प्रत्येक पोराला दुधाबरोबर पाजलेलं असतं. शाळेच्या आवारात पूर्वी एक जुनी विहीर होती, झाडोऱ्यात गडप झालेली; तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. सभागृह बांधलं त्या वर्षी ती बुजवली. आता मुलं म्हणत होती की आसरा गाड्या ओढतायत.

शाळेचं विज्ञान मंडळ मी चालवत होते. लिंबू-मिरचीपासून उलट्या पायांच्या बाईपर्यंत सगळं मी त्या मंडळात धुऊन काढलेलं. मी पोरांना चांगलंच झाडलं.

"विहीर भिंतीच्या पलीकडे होती," मी म्हटलं. "आता तिथं अशोकाची झाडं आहेत. भाऊसाहेबांनी सभागृहाच्या उद्घाटनाच्या भाषणात स्वतः सांगितलंय. आसरांना गाड्या हव्या असल्या तरी त्या भिंतीतून हात घालणार आहेत का?"

पोरं डब्यांकडे वळली. सानिका येवले तेवढी म्हणाली, "पन बाई, माझी आजी म्हनती, विहिरीच्या पायऱ्या आता स्टेज हाय तिथनं उतरत हुत्या. ती पान्याला जायची तिथं."

"आजीला सांग, चष्म्याचा नंबर वाढलाय."

सानिका हसली नाही. आठवीतली, अबोल, हाडं मोजून घ्यावीत अशी पोरगी. शाळेत काहीही कार्यक्रम असला की खुर्च्या मांडायचं काम तिच्याकडे असायचं, कारण ती रांग दोरी न लावता सरळ मांडायची.

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. शाळा त्यांची, सभागृह त्यांच्या आईच्या नावाचं. गावात त्यांच्या शब्दाला किंमत होती आणि खरं सांगायचं तर ती त्यांनी मिळवलेली होती. दुष्काळात टँकर आणणारा माणूस. शिबिराच्या उद्घाटनाला ते आले, तेव्हा सानिकानं त्यांची लाल गादीची खुर्ची पहिल्या रांगेत उजव्या टोकाला मांडली होती. बालवाडीची पोरं नेहमीप्रमाणे त्याच कोपऱ्यात, स्टेजच्या पायाशी जाजमावर बसलेली. भाऊसाहेबांनी वाकून पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, खिशातल्या गोळ्या वाटल्या आणि मग शिपायाला म्हणाले, "माझी खुर्ची तिकडं डावीकडं घे. इथं वारं लागत न्हाई." पंखा त्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर फिरत होता. मोठ्या माणसांच्या लहरी, म्हणून मी सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन होतं. आईबाप येणार, गाड्या चालवून दाखवायच्या, बक्षिसं द्यायची. बालवाडीची पोरं स्वागतगीत म्हणणार होती आणि त्यात सानिकाचा धाकटा भाऊ बिट्टू पहिल्या रांगेत होता. आठवडाभर घरात 'या या पाहुणे' ऐकून कान किटले, असं ती सांगायची.

मी लवकर पोचले. सभागृहात सानिका एकटीच होती. खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि ती जमिनीवर उकिडवी बसून गाडी सोडत होती, उचलत होती, परत सोडत होती.

"बाई, जरा बघता?"

"परत ओढते का? भर घाल की."

"घातली. आता आकडाच संपला. उजवं चाक याच्या पलीकडं जोरात फिरत न्हाई." तिनं गाडी उचलली. "पन ते जाऊ द्या. मी काल एक केलं. गाडी उलटी सोडली. स्टेजपासनं दाराकडं. भर काढून टाकली आनि सोडली."

"मग?"

"डावीकडं गेली."

मी विणकामाची पिशवी खाली ठेवली. गाडीत दोष असता तर ती कुठूनही निघाली तरी आपल्या उजव्याच अंगाला ओढली असती. स्टेजकडून येताना ती डावीकडे गेली, म्हणजे दोन्ही वेळा एकाच भिंतीकडे गेली. हे मला कळायला मी गणिताची बाई असायची गरज नव्हती, पण इतके दिवस कळलं नव्हतं हेही खरं.

"व्हरांड्यात चल," मी म्हटलं.

व्हरांडा जुन्या इमारतीचा, शहाबादी फरशीचा. तिथं सानिकानं आजचीच भर ठेवून गाडी सोडली. ती गर्रकन डावीकडे फिरली आणि खांबावर आपटली. भर काढली तेव्हा सुतात चालली. गाडीत काहीच दोष नव्हता. आम्ही रोज सकाळी जी भर घालत होतो, ती गाडीच्या दोषाची नव्हतीच. सभागृहाची जमीन रोज थोडी थोडी कलत होती आणि आम्ही चाक फिरवून ती सरळ करून घेत होतो.

ऋत्विज तेवढ्यात चहा घेऊन आला. सगळं ऐकल्यावर त्यानं कप कठड्यावर ठेवला आणि तो तिथंच विसरला. तिघं परत आत गेलो. कोपऱ्यातलं जाजम मी दुमडलं. फरशी आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली होती. जाजमानं ती झाकली गेली होती. बोट सहज जाईल एवढी. मी हात धरला तर खालून गार हवा लागत होती.

ऋत्विजनं खिशातून एक नट काढला आणि फटीत सोडला.

आवाज लगेच आला नाही. मला वाटलं, खाली मातीत पडला असेल. मग फार खालून डुबुक असा आवाज आला. सानिकानं माझा पदर धरला. मीही तिचा हात धरला.

"बाहेर चला," ऋत्विज हळू आवाजात म्हणाला. "पाय न आपटता."

हेडसर पिसाळ फाटकापाशी पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, रुमालानं मान पुसली.

"बाई, लोक आलेत. मंडप घातलेला नाही, मैदानात ऊन आहे. भाऊसाहेब येतील, त्यांना विचारू."

"सर, खाली पाणी आहे."

"गटाराचा पाइप फुटला असेल. भाऊसाहेबांना विचारू."

हेडसर वाईट माणूस नव्हते. भाऊसाहेबांना विचारल्याशिवाय ते शिंकतही नसत, एवढंच.

लोक आत जाऊ लागले होते. बायका नव्या साड्या नेसून, बाप्ये टोप्या सारख्या करत. दाराशी चपलांचा ढीग वाढत होता. बालवाडीच्या बाई पोरांना रांगेनं घेऊन आल्या, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि त्यांना व्हरांड्यातच बसवायला लावलं. बिट्टू डोक्याला कागदी फेटा बांधून सगळ्यात पुढं होता. "ताई, कधी म्हनायचं?" तो सानिकाला विचारत होता. ती त्याला धरून उभी राहिली.

भाऊसाहेब आले. दारातली गर्दी बघून थांबले.

"काय झालं, बाई?"

मी सगळं सांगितलं. गाड्या, भर, फट, नट. त्यांचा चेहरा हलला नाही. शेवटी ते हसले.

"तुम्ही गणित शिकवा, बाई. बांधकाम माझ्यावर सोडा. विहीर पलीकडं हुती, झाडं हायत तिथं. मुरूम आनि दगड टाकून दाबून बुजवलीया. आनि आसराबिसरा तुमच्या तोंडी शोभत न्हाईत."

"आसरांचं नाव मी काढलेलं नाही, भाऊसाहेब."

"मग काय ह्या खेळन्यातल्या मोटारीवर इश्वास ठेवायचा?" ते आत शिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बसवा पोरास्नी. पाहुने खोळंबलेत."

आत बसलेली माणसं माना वळवून बघत होती. बालवाडीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि पोरांना उठवू लागल्या. त्यांचीही नोकरी होती. आयुष्यभर मुलांना सांगत आले की पुरावा दाखवा, लोक मानतात. इथं पुरावा जाजमाखाली पडला होता आणि कुणाला वाकून बघायला सवड नव्हती.

सानिका माझ्या कानाशी आली. "बाई, भाऊसाहेब तिकडं कधीच बसत न्हाईत."

"म्हणजे?"

"हाल बांधल्यापासनं प्रत्येक कार्यक्रमाला मी त्यांची खुर्ची मांडती. उजवीकडं ठेवली की ते उचलायला लावत्यात. एकदा ऊन लागतं म्हनाले, एकदा वारं लागत न्हाई म्हनाले. तिकडं खिडकीच न्हाई, बाई."

फटीतली गार हवा लागली तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते.

मी आत गेले. पहिल्या रांगेत डाव्या टोकाला त्यांची लाल गादीची खुर्ची होती. ती उचलली. जड होती, पण मी उचलली. भिंतीच्या कडेकडेनं चालत कोपऱ्यापर्यंत गेले, दुमडलेलं जाजम पायानं सारलं आणि त्या फटीपासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवून मागे आले.

"भाऊसाहेब," मी म्हटलं. "मी बालवाडीची पोरं स्वतः आणून तिथं बसवते. फक्त आधी तुम्ही बसा. गाणं होईपर्यंत. तुम्ही बसून उठलात की सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडून माफी मागेन आणि उद्याच राजीनामा देईन."

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

"हा काय पोरखेळ," भाऊसाहेब म्हणाले.

"हो. बसा."

"मला गुडघ्याचा तरास हाय."

"खुर्चीच आहे."

ते खुर्चीकडे बघत राहिले. दोन पावलं गेले. तिसरं टाकायला पाय उचलला आणि परत होता तिथंच ठेवला. कपाळावर घाम आला होता. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होते. पुरात दोर बांधून ओढा ओलांडलेला माणूस. तो आपल्याच आईच्या नावाच्या सभागृहात एका खुर्चीपर्यंत जाऊ शकत नव्हता.

मागच्या रांगेतून सानिकाची आजी उठली. काहीही न बोलता तिनं शेजारच्या बाईचं पोर कडेवर घेतलं आणि दाराकडे चालू लागली. मग ती बाई उठली. मग तिच्या पलीकडचे दोघं. धक्काबुक्की झाली नाही, कुणी ओरडलं नाही. माणसं जशी मयताला पाय न वाजवता चालतात तशी बाहेर पडली. दाराशी चपला शोधायलाही कुणी थांबलं नाही, नंतर कितीतरी वेळ लोक अनवाणी उभे होते.

सगळ्यात शेवटी भाऊसाहेब बाहेर आले. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "कार्यक्रम मैदानात घ्या." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मैदानात गाड्या कशावर चालवायच्या हा प्रश्न होता. मुलांनी वर्गांतले जुने फळे खिळ्यांवरून काढून आणले आणि एकाला एक लावून मांडले. पहिली गाडी सुटली आणि गर्रकन डावीकडे वळून मातीत उतरली. आईबाप हसले, जरा जास्तच मोठ्यानं हसले, सुटल्यासारखे. "भर काढा रं सगळ्यांनी," सानिका म्हणाली. मुलांनी आकडे पुसले. मग एकामागून एक सगळ्या गाड्या सरळ गेल्या. बिट्टूनं 'या या पाहुणे' दोनदा म्हटलं, कारण पहिल्या वेळी फेटा डोळ्यांवर आला होता.

बक्षिसं चालू असताना तो आवाज आला. फार मोठा नव्हता. रस्त्याच्या कामावर खडीचा डंपर रिकामा करतात तसा, पण जमिनीच्या आतून. मग सभागृहाच्या खिडक्यांतून पांढरी धूळ बाहेर आली. कुणी पळालं नाही. सगळे उभे राहून बघत होते आणि प्रत्येक बाई आपलं पोर चाचपत होती.

ऋत्विज आणि मी दारापर्यंत गेलो. स्टेजचा उजवा भाग, पुढची फरशी आणि कोपऱ्यातली भिंत गेली होती. तिथं मोठं गोल भगदाड होतं आणि त्याच्या कडेला काळ्या दगडाच्या पायऱ्या दिसत होत्या, उतरत गेलेल्या. सानिकाची आजी सांगायची, अगदी तशाच. खाली पाणी हलत होतं. लाल खुर्ची कुठं दिसली नाही.

सभागृह पुढं पाडलं. विहीर न बुजवता वर नुसती फरशी घातल्याचा दोष भाऊसाहेबांनी ठेकेदाराला दिला, ठेकेदार तोवर वारला होता. अध्यक्ष ते शेवटपर्यंत राहिले. गावानं मात्र आपला निवाडा वेगळाच करून टाकला. विहिरीच्या काठावर आता सात दगड मांडलेत, त्यांना शेंदूर आहे, आणि अमावास्येला बायका नारळ घेऊन येतात. त्या दिवशी खराडे बाईंच्या अंगात आसरा आल्या आणि त्यांनी लेकरं राखली, असं सांगतात. विज्ञान मंडळ चालवणाऱ्या बाईच्या नशिबी हे यावं. सुरुवातीला मी भांडायचे, गाड्यांचं समजावून सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि जाताना माझ्या पायाला हात लावायचे. मग मी नाद सोडला.

सानिका आता धरणांच्या खात्यात आहे, भिंती किती कलल्या ते मोजते. गेल्या दिवाळीत भेटायला आली तेव्हा आम्ही विहिरीपर्यंत चालत गेलो. तिनं शेंदूर लावलेल्या दगडांकडे बघितलं, हात जोडले नाहीत, हसलीही नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला वाटतं का, भाऊसाहेबांना ठाऊक हुतं?"

मला शिबिराच्या उद्घाटनाचा दिवस आठवत होता. पंख्याखाली मांडलेली ती खुर्ची, तिच्या पायाशी जाजमावर दाटीनं बसलेली बालवाडी, गोळ्यांसाठी पुढं केलेले हात. भाऊसाहेब वाकले होते, प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला होता. बिट्टूला तर त्यांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. आणि मग सरळ उभं राहून शिपायाला सांगितलं होतं, माझी खुर्ची उचल.

पोरांना उचल, असं नव्हतं सांगितलं.